साइट इंजिनिअरचा 'मॅनेजर' नेमका कधी होतो?

ओळंबा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी सिव्हिल इंजिनिअर. आधी डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन डिग्री. पुण्यात रहिवासी टॉवरच्या साइटवर नऊ वर्षं झाली. दोन कंपन्या, पाच बिल्डिंगा. गेल्या दिवाळीत कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर, प्रोजेक्ट्स' आलं. कार्ड तेवढं बदललं. सकाळी साडेसातला मुकादमाकडून लेबरचा आकडा घ्यायचा, दिवसभर फिटर आणि सुतारांच्या मागे लागायचं, संध्याकाळी उद्याच्या आरएमसीची (तयार काँक्रीटची) ऑर्डर द्यायची, रात्री नऊला घरी. मुलगी झोपलेली असते.

आता धागा काढायचं कारण. आमच्याकडे प्रोजेक्ट मॅनेजरची जागा रिकामी झाली. मला वाटलं आता आपला नंबर. तर बाहेरून माणूस आणला. अनुभव माझ्याइतकाच, पण त्यातली चार वर्षं प्लॅनिंग आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये. त्याच महिन्यात डिझाइन मॅनेजर म्हणून एक आर्किटेक्ट बाई आल्या, माझ्याहून चार वर्षांनी लहान. आता ड्रॉइंगसाठी मी त्यांच्या मागे. एचआरला विचारलं तर म्हणे, "तुमचं एक्झिक्यूशन उत्तम आहे, मॅनेजरियल स्किल्स वाढवा."

वाढवा म्हणजे काय करू? एमबीए करू, पीएमपीची (प्रोजेक्ट मॅनेजमेंटची) परीक्षा देऊ, का गुपचूप प्लॅनिंगला बदली मागू? आखातात जावं का? वय ३३, डोक्यावर घराचा हप्ता. या लाइनीत असलेल्यांनी खरं सांगा, गोड बोलू नका.

चहाबाज

गोड बोलू नका म्हणालात म्हणून सांगतो, 'आर्किटेक्ट बाई' लिहिलंत. आता धाग्यावर शंभर प्रतिसाद नक्की. मी कटिंग घेऊन बसलोय.

गँट_गणपत

मी प्लॅनिंगवाला, म्हणजे तुमची जागा खाणाऱ्या जमातीतला. आधी परीक्षेचं सांगतो. पीएमपीला चार वर्षांची डिग्री असेल तर ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव दाखवावा लागतो आणि ३५ तासांचं प्रशिक्षण. १८० प्रश्न. तुमच्याकडे अनुभव आहे, अभ्यास तीन-चार महिन्यांत होतो. पण पीएमपी झालं म्हणून कुणी तुम्हाला साइट हातात देणार नाही. बायोडेटा एचआरच्या चाळणीतून खाली पडू नये एवढाच त्याचा उपयोग.

निकमार वगैरे बांधकाम व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांबद्दल: नोकरी सोडून पूर्णवेळ कोर्स २५व्या वर्षी ठीक. ३३व्या वर्षी हप्ता चालू असताना मी तरी करणार नाही.

त्यापेक्षा प्रिमाव्हेरा, म्हणजे शेड्यूल बनवायचं सॉफ्टवेअर, शिका. बटणं कोणीही शिकतो. पण 'सातव्या मजल्याचं प्लंबिंग उशिरा झालं तर ताबा किती दिवस पुढे जाईल' याचं उत्तर कागदावर दाखवता आलं पाहिजे. साइटवाल्यांना हे उत्तर पोटातून माहीत असतं, सांगता येत नाही. आम्हाला सांगता येतं, पोटात काही नसतं. दोन्ही असलेला माणूस मिळाला की कंपनी सोडत नाही.

विटकर

गणपतराव, शेवटचं वाक्य पटलं, पण तुमच्या शेड्यूलमध्ये पाऊस कधीच नसतो. जूनमध्ये पाया खोदायला लावणारे प्लॅनर मी पाहिलेत.

गँट_गणपत

पाऊस असतो. बिल्डर काढायला लावतो. :)

दुबईकर_नाना

ओळंबा, आखाताचं विचारलंस म्हणून लिहितो. चौदा वर्षं इकडे आहे, त्याआधी सहा मुंबईत.

पैसा आहे, खोटं कशाला बोलू. पण 'मॅनेजर' शब्दाचा अर्थ मला इथे कळला तो एका फजितीतून. मी तेव्हा सीनिअर साइट इंजिनिअर. मालकाच्या बाजूने एका भागाची जागाच ताब्यात मिळाली नव्हती, जुनी केबल हलवायची होती. दोन महिने आमची गँग बसून. रोज सकाळी सल्लागाराच्या माणसाशी भांडायचो, फोनवर, कॉफीवर, जिन्यात. त्याला सगळं मान्य. पुढे मुदतवाढ मागितली तेव्हा कंत्राट व्यवस्थापकाने विचारलं, नोटिशीचं पत्र कुठे आहे? फिडिकच्या (बांधकामाचा आंतरराष्ट्रीय नमुना करार) १९९९च्या करारात अट आहे, अडचण कळल्यापासून २८ दिवसांत लेखी नोटीस द्यायची, नाहीतर दावा गेला. आमच्या फायलीत एक ओळसुद्धा नव्हती. जिन्यातली भांडणं पुराव्यात धरत नाहीत. उशिराचा दंड आमच्या बिलातून गेला.

पुढच्या प्रोजेक्टला मी स्वतः पत्रं लिहायला लागलो. माझं इंग्रजी म्हणजे चाळीसगावच्या मराठी शाळेतलं. पण पत्राला भाषा लागतच नाही. तारीख, ड्रॉइंगचा नंबर, कुठलं काम अडलं, किती माणसं आणि कुठलं मशीन बसून आहे, करारातलं कलम. पाच ओळी. विनंती नाही, शिवी नाही. दोन वर्षांनी मला तिथून उचलून कन्स्ट्रक्शन मॅनेजर केलं. हाताखालचं काम माझ्याहून चांगलं जाणणारे तिघे होते, ते पत्रं लिहीत नव्हते.

यायचंच असेल तर पदवीची साक्षांकनं आत्तापासून काढून ठेव. सौदीत इंजिनिअर कौन्सिलची नोंदणी लागते, कतारमध्ये परीक्षा. आणि मुलगी लहान आहे तोवर एकटा येऊ नकोस. हा सल्ला कुणी विचारलेला नाही, तरी देतो.

तिरपी_रेघ

मी 'आर्किटेक्ट बाई'. तुमच्या साइटवरची नव्हे, दुसऱ्या. पण आमचं काम एकच.

माझं शिक्षण मुंबईत, जेजेमध्ये. पहिली पाच वर्षं ऑफिसात एलेव्हेशन रंगवली. आता पाच वर्षं बिल्डरकडे डिझाइन मॅनेजर आहे. डिझाइन करत नाही. मी काय करते तर भांडणं लावते आणि सोडवते. परवाचं उदाहरण. तळमजल्याची लॉबी, बीम ६०० मिमी खोल. एसीवाल्याचा डक्ट बीमखालून, त्याखाली स्प्रिंकलरचा पाइप, त्याखाली फॉल्स सीलिंग. विक्रीच्या ब्रोशरमध्ये लॉबीची उंची छापलेली. चौघांची ड्रॉइंग वेगवेगळी बरोबर. एकत्र ठेवली तर माणूस वाकून लिफ्टपर्यंत जाईल. स्ट्रक्चरलवाले म्हणतात बीम हलणार नाही. एसीवाले म्हणतात डक्ट चपटा केला तर आवाज येईल. शेवटी डक्ट दोन भागांत फोडून दोन्ही कडांना नेला आणि मधे उंची वाचवली. यात माझी कला काय? चौघांना एका टेबलावर बसवलं आणि रात्री आठपर्यंत कुणाला उठू दिलं नाही.

आता हे रेव्हिटमध्ये थ्रीडी मॉडेल करून आधीच सापडतं. कॉम्प्युटर लाल ठिपका दाखवतो. पण कोणी हलायचं हे कॉम्प्युटर सांगत नाही.

तेव्हा ओळंबा, तुम्ही ड्रॉइंगसाठी त्यांच्या मागे आहात म्हणता, तर एकदा विचारून बघा, त्या कोणाच्या मागे आहेत.

विटकर

ताई, सगळं मान्य. पण आर्किटेक्ट साइटवर येतात तेव्हा गॉगल, पांढरे बूट आणि "हा कॉलम जरा सरकवता येईल का?" अकराव्या मजल्यावर!

तिरपी_रेघ

मी सेफ्टी शूज घालते, आणि कॉलम सरकवायला सांगणारा बहुतेक मार्केटिंगचा असतो. त्याचं पाप आमच्या माथी मारू नका.

कायद्याचं_पोतं

आर्किटेक्ट विरुद्ध सिव्हिल हे भांडण निघालंच आहे तर एक माहिती. वास्तुविशारद कायदा १९७२चा. त्याच्या कलम ३७बद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये निकाल दिला. नोंदणी नसलेल्याला 'आर्किटेक्ट' हे नाव लावता येत नाही, पण ते काम करायला कायदा आडवा येत नाही. प्रकरण नोएडातल्या एका सरकारी पदाच्या नावावरून होतं.

म्हणजे डिझाइन मॅनेजर व्हायला आर्किटेक्टच पाहिजे असं नाही. सिव्हिलवाल्यांनो, दार उघडं आहे, नाव तेवढं लावू नका.

तिरपी_रेघ

हो, आणि त्याच दारातून आतले इंटिरिअरवाले, ड्राफ्ट्समन आणि बिल्डरचे मेव्हणे पण येतात. पण असो.

निवृत्त_उपअभियंता

सर्वांना नमस्कार. वय वर्षे ६७. सार्वजनिक बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. आमच्यात कनिष्ठ, सहायक, उप, कार्यकारी, अधीक्षक, मुख्य अशी शिडी. 'मॅनेजर' हा शब्दच नव्हता. पण काम तेच.

विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले आणि मुंबई प्रांताच्या याच खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले. खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. लोक दरवाजे लक्षात ठेवतात. माझे पहिले साहेब म्हणत की दरवाज्याआधी त्याचे अंदाजपत्रक मंजूर करून घेणारा अभियंता बघा.

नाना म्हणाले ते पत्राचे महत्त्व, ते आमच्यात मोजमाप पुस्तिकेचे. एमबी. पानांना छापील क्रमांक, पान फाडायचे नाही, खोडायचे झाले तर एक रेघ मारून बाजूला सही. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी एका मोरीच्या पायाचे मोजमाप लिहायचे राहू दिले. उद्या लिहू म्हटले. रात्री पाऊस आला, पायाच्या खड्ड्यात पाणी, सकाळी ठेकेदाराने भरून टाकला. आता आत किती खोल गेला होता हे त्याला, मला आणि देवाला माहीत. तिघांची तीन मापे. साहेब मला काही बोलले नाहीत. टेप हातात दिली आणि म्हणाले, मोज. मातीचा ढीग मोजायला लावला, दोन दिवस, जूनच्या चिखलात. ढिगावरून खोली काढली. ती ठेकेदारापेक्षा कमी आणि माझ्या अंदाजापेक्षा जास्त निघाली. त्यानंतर तीस वर्षांत मी मोजमाप उद्यावर टाकले नाही.

सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षेची वयोमर्यादा ओळंबा यांनी जाहिरात बघून खात्री करावी. पण नुसत्या सुरक्षिततेसाठी येऊ नये. बदल्या फार होतात.

चहाबाज

काका, ते ढिगाचं वाचून अंगावर काटा आला. असा साहेब हल्ली मिळेल काय?

विटकर

हल्ली ढीगच मिळत नाही. रात्रीत डंपर नेतो.

सॅन_होजेची_सई

अमेरिकेतली बाजू. इथे सरकारी आकडेवारीत 'आर्किटेक्चरल आणि इंजिनिअरिंग मॅनेजर' असा स्वतंत्र गटच आहे. देशभरात दोन लाखांच्या आसपास माणसं, आणि मधला पगार वर्षाला १ लाख ६० हजार डॉलरच्या वर. हा आकडा वाचून बरेच जण मला मेल करतात, म्हणून दोन गोष्टी सांगते.

त्यातले खूप जण कारखान्यात आहेत, म्हणजे यंत्रं, इलेक्ट्रॉनिक्स, विमानं. बांधकामाचा पगार त्या आकड्यावरून काढू नका. दुसरं, बांधकामाच्या बाजूला वर चढायचं तर बहुतेक ठिकाणी पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्स विचारतात. आधी एफईची (इंजिनिअरिंगच्या मूलतत्त्वांची) परीक्षा, मग साधारण चार वर्षांचा अनुभव, मग पीई. ते राज्याचं असतं, देशाचं नाही. भारतातला साइटचा नऊ वर्षांचा अनुभव आणला तरी रांग मागूनच सुरू होते. माझ्या नवऱ्याने ३६व्या वर्षी एफई दिली, वीस वर्षांच्या पोरांबरोबर बसून. पास झाला, पण 'कॅल्क्युलस कशाला परत?' हे वाक्य आमच्या घरात सहा महिने चाललं.

रचनाकार

मी उलट मत देतो. मॅनेजर कशाला व्हायचं? मी स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे, तीन जणांचं ऑफिस. कुणाची हजेरी घेत नाही, कुणाला रागवत नाही. ज्याला कामातलं काम आवडतं त्याने वर चढलंच पाहिजे हा आग्रह कंपन्यांचा आहे, कारण त्यांच्या पगाराच्या शिडीला दुसरी बाजूच नाही. ओळंबा, तुम्हाला खरंच माणसं सांभाळायला आवडतात, की फक्त डावललं गेल्याचा राग आहे? उत्तर इथे देऊ नका, स्वतःला द्या.

सिमेंटसखी

रचनाकार, कन्सल्टंट व्हायला भांडवल आणि ओळखी लागतात, ते पण सांगा.

मी साइट इंजिनिअर, बाई, सहा वर्षं, नाशिक आणि आता पनवेल. माझ्या अनुभवात बायकांना 'मॅनेजर' लवकर करतात, पण साइटवरून उचलून ऑफिसात बसवून. बिलिंग, क्वालिटी, डॉक्युमेंट कंट्रोल. कारण विचारलं तर सुरक्षा. खरं कारण पहिल्या साइटवर कळलं, वीस मजल्यांच्या टॉवरला बायकांसाठी संडास एकच, तोही सेल्स ऑफिसात, आणि हेल्मेट घालून गेलं की तिथली मुलगी नाक मुरडायची. दिवसभर पाणी न पिता काढलेत उन्हाळे. नव्या साइटवर मी पहिल्या आठवड्यात मोबाइल टॉयलेट मागितलं, लेबर बायकांसकट. बिलिंगच्या मीटिंगमध्ये 'पुरुषांच्या उत्पादकतेत वाढ' अशा नावाखाली मंजूर करून घेतलं. ही पण मॅनेजरियल स्किल धरायची का, एचआरला विचारा.

चहाबाज

सखी, तुम्हाला माझ्यातर्फे डबल कटिंग. पण 'पुरुषांच्या उत्पादकतेत' कसं काय??

सिमेंटसखी

बायका दर वेळी दोन इमारती पलीकडे जायच्या, मग मिस्त्री माल नाही म्हणून बसून. अर्धा तास गुणिले माणसं. एक्सेलमध्ये टाकल्यावर पटलं.

दुबईकर_नाना

ओळंबा कुठे गेला धागा काढून? एक सरळ प्रश्न. तू कधी पोअर, म्हणजे काँक्रीट भरणं, थांबवलायस का?

ओळंबा

साइटवर होतो, माफ करा. सगळं वाचलं. रचनाकार, राग आहे, खोटं बोलत नाही.

नाना, थांबवला नाही. पण एक सांगतो. मागच्या पावसाळ्याआधी, चौदाव्या मजल्याचा स्लॅब. पंप लागलेला, खाली तीन ट्रान्झिट मिक्सर उभे, चौथा वाटेत. मी शेवटची फेरी मारत होतो. बाल्कनीचा भाग बाहेर लोंबता, कॅन्टिलिव्हर, तिथे मुख्य सळई वर असते. पाय ठेवला तर जाळी दबली. वाकून बघतो तर खालच्या चेअर, म्हणजे वरची सळई उचलून धरणारे टेकू, मोडलेल्या आणि वरची सळई शटरिंगच्या प्लायला टेकायला आलेली. इलेक्ट्रिशियनची पोरं पाइप टाकताना तिथूनच ये-जा करत होती. असा स्लॅब भरला असता तर वरून छान दिसला असता, आणि शटरिंग काढल्यावर बाल्कनी पडायची वाट बघत बसली असती.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, गाड्या उभ्यात, भरून घे, बघू. मी फोन ठेवला. पंपवाल्याला म्हटलं पाइप फिरव, लिफ्टच्या बाजूने सुरू कर. बाल्कनी शेवटी. चार फिटर, एक वेल्डिंगचा पोऱ्या, नव्या चेअर वाकवायला लावल्या. काँक्रीट लिफ्टपासून सरकत येत होतं आणि आम्ही बाल्कनीत सळई उचलून बांधत होतो. पावणेदोन तास मिळाले. शेवटच्या बाल्कनीची बांधणी झाली तेव्हा माल दहा फुटांवर होता. मी कव्हर, म्हणजे सळईवर काँक्रीटची जाडी किती राहणार ते, टेपने मोजलं आणि भरायला सांगितलं. चाचणीसाठी काँक्रीटचे क्यूब घेतले. २८ दिवसांचे पास झाले. अर्थात क्यूबला सळई कुठे आहे हे कळत नाही.

साहेबांना काहीच कळलं नाही.

तिरपी_रेघ

वाचताना मी श्वास धरून बसले होते.

दुबईकर_नाना

हे काम मॅनेजरचं आहे. पोअर न थांबवता दिशा फिरवली. आता पुढचा प्रश्न. रात्री घरी जाऊन हे कुठे लिहिलंस का? पोअर कार्डवर, मेलवर, कशावर?

ओळंबा

नाही. पोअर कार्डवर 'सळई तपासली, ठीक' लिहून सही केली. नेहमीसारखी.

दुबईकर_नाना

मग त्या दिवशी कंपनीच्या लेखी काहीच झालं नाही. इलेक्ट्रिशियनच्या ठेकेदाराला कुणी विचारलं नाही, पंधराव्या मजल्यालाही पोरं तिथूनच चालली असतील.

ओळंबा

चालली. सोळाव्यापासून मी फळ्या टाकायला लावल्या.

कायद्याचं_पोतं

मोठ्या आवाजात बोलतो, माफी असावी. ती सही साधी नाही. रेरा कायद्यात ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात जातात आणि ते काढायला इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए असे तिघांचे दाखले लागतात. वर ताबा दिल्यापासून पाच वर्षांत स्ट्रक्चरमध्ये दोष दिसला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. तेव्हा फाइल उघडते आणि त्यात पोअर कार्ड असतं. तुमच्या सहीचं. 'ठीक' लिहिण्याआधी आधी काय ठीक नव्हतं आणि काय केलं ते दोन ओळी लिहा. बाहेरून आणलेला मॅनेजर बहुधा यासाठीच आणलाय.

विटकर

म्हणजे नऊ वर्षं साइटवर मरायचं, बाल्कनी वाचवायची, आणि बढती कागद लिहिणाऱ्याला. वा रे इंडस्ट्री.

गँट_गणपत

विटकर, मी कागदवाला आहे तरी तुमच्याशी सहमत. पण हे उलटं पण वाचा, कागद लिहिणारा बाल्कनी कशी वाचवेल? त्याला जाळीवर पाय ठेवून कळणारच नाही. ओळंबाला पत्र शिकायला तीन महिने लागतील. मला पायाला कळायला दहा वर्षं लागली असती, आणि मी प्रयत्न पण केला नाही.

सोसायटी_सेक्रेटरी

अवांतर, पण उपयोगाचं. आमच्या मुंबईतल्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९चा शासनाचा आदेश आहे, त्यात सोसायटीने आधी प्रकल्प सल्लागार नेमायचा असतो. म्हणजे पीएमसी. आम्ही तिघांच्या मुलाखती घेतल्या. दोघांची सादरीकरणं चकाचक. तिसरा साइटवरून वर आलेला, पन्नाशीचा, स्लाइड एकही नाही. सर्वसाधारण सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, माझा तुळशीचा कट्टा नव्या घरात कुठे? दोघं हसले. तिसऱ्याने वही काढून लिहून घेतलं आणि म्हणाला, बाल्कनीची दिशा कळली की सांगतो. नेमणूक कोणाची झाली ते सांगायला नको.

जुन्या इमारती इतक्या आहेत की पुढची वीस वर्षं या कामाला मरण नाही. सभा सांभाळता आली पाहिजे. तिथे २८ दिवसांचा नियम चालत नाही, काकू त्याच दिवशी उत्तर मागतात.

रचनाकार

आणि कुठे काम आहे म्हणाल तर ऐरोली-महापे भागात डेटा सेंटर उठतायत. तिथे सिव्हिलपेक्षा वीज आणि कूलिंगचा पसारा मोठा. एमईपीची (एसी, वीज, प्लंबिंगची) भाषा कळणारा सिव्हिलवाला दुर्मीळ. ओळंबा, तुमचा इलेक्ट्रिशियनच्या पोरांशी संबंध चांगला असेल तर तिथून सुरुवात करा. :)

हेल्मेटची_बायको

मी इंजिनिअर नाही. नवरा प्रोजेक्ट मॅनेजर आहे, अकरा वर्षं. ओळंबाभाऊंनी 'मुलगी झोपलेली असते' लिहिलंय ते कुणी वाचलं का? मॅनेजर झाल्यावर लवकर घरी येतात, हे खरं. पण फोन घेऊन येतात. पूर्वी साइटचा चिखल बाहेर बुटात राहायचा, आता डोक्यात येतो. मुलगी जागी असते आणि बाबा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये असतो. पगार वाढला, याबद्दल तक्रार नाही. तेवढं आधी ठरवून घ्या घरी.

चहाबाज

वहिनी, शंभर टक्के. माझी बायको वाचत नसावी ही इच्छा.

निवृत्त_उपअभियंता

हेल्मेटची बायको यांचे म्हणणे योग्य. आमच्या वेळी फोन नव्हता, पण जीप यायची. रात्री अकराला. बंधाऱ्याची भिंत फुटली म्हणून. मुलांना वाटायचे बाबा डाकू आहेत.

तिरपी_रेघ

काका :D

ओळंबा

दहा दिवसांनी लिहितोय. काही ठरलं का? थोडंसं.

पीएमपीचे ३५ तास सुरू केलेत, शनिवार-रविवार, ऑनलाइन. एमबीए नाही. आखात सध्या नाही, घरी बोललो, 'हेल्मेटची बायको' यांची पोस्ट वाचून दाखवली. बायको म्हणाली, यांना सांग आपण जेवायला बोलावलंय.

ऑफिसात नव्या प्रोजेक्ट मॅनेजरशी बसलो. माणूस वाईट नाही. त्यालाच सरळ विचारलं, मला कॉन्ट्रॅक्टमधलं काय शिकवाल? त्याने एक कोरी वही दिली आणि म्हणाला, हिंड्रन्स रजिस्टर तुमच्याकडे. काम का अडलं, कधी अडलं, कुणामुळे. रोज. महिन्याला यातून पत्रं मी काढीन, पुढच्या महिन्यात तुम्ही काढा. नाना, तुमची पाच ओळींची पद्धत वापरतोय.

आणि आमच्या आर्किटेक्ट मॅडमना विचारलं त्या कोणाच्या मागे आहेत. त्यांनी फोन दाखवला. लिफ्टवाला, फायरवाला, लँडस्केपवाला, महापालिकेतला एक टेबल. माझं नाव यादीत सातवं होतं.

काल सोळाव्याच्या वरचा स्लॅब भरला. पोअर कार्डवर लिहिलं: "बाल्कनीत फळ्या टाकल्या, चेअर तपासल्या, दोन बदलल्या, इलेक्ट्रिकल ठेकेदाराला तोंडी ताकीद." मॅनेजरने 'तोंडी' वर गोल काढून परत पाठवलं.

दुबईकर_नाना

छान माणूस आहे. त्याच्याशी भांडू नकोस.

विटकर

रजिस्टरमध्ये पहिली नोंद काय केलीस ते तरी सांग.

ओळंबा

"सकाळी ८ ते ९.४०. पाण्याचा टँकर आला नाही. क्युरिंग गँग ६ माणसं बसून. कारण: टँकरवाल्याच्या मेव्हण्याचं लग्न."

चहाबाज

फिडिकमध्ये याला कलम कुठलं?